उल्का, मुक्काम पोस्ट डन लिअरी

गावांच्या नावांबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा! या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या आयर्लंडात नाही. बरं, आयर्लंड राहू द्या, पण डब्लिनजवळच्या आमच्या ॲडम्सटाउनात तर नक्कीच नाही. पुनवडीचं पुणं कसं झालं, इंग्रजांनी त्याचं पूना कसं केलं, मधे औरंगजेबाने त्याला मुहियाबाद म्हणून पाहिलं आणि पुणेकरांनी ते कसं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे मी झोपेत सांगू शकतो. झोपेत सांगतोही, असं माझी बायको सुमेधा म्हणते. दिवसा मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, पण ते पोटासाठी.

तर झालं असं, की २०२० साली आमच्या मराठी मंडळाचा गणपती झूमवर बसला. दरवर्षी हॉल असतो, मोदक असतात, मोदक संपल्यावर भांडणं असतात. या वर्षी नुसते चौकोन! मंडळाचा सांस्कृतिक सचिव रुपेश याचा फोन आला.

"संजीव, रविवारी दुपारी पाऊण तास रिकामा आहे. जादूगार आयत्या वेळी नाही म्हणाला. तू काही बोलतोस का?"

"गावांची बदलती नावं!" मी प्रश्न संपायच्या आत म्हणालो.

"चालेल. तसं काहीही चालेल."

त्या 'काहीही'कडे मी दुर्लक्ष केलं. सुमेधा मात्र म्हणाली, "पाऊण तासात आटप हं. मागे शेजारच्या बाईला ल्यूकन गावाचा इतिहास सांगत होतास, तेव्हा तिच्या पिशवीतलं आइस्क्रीम वितळलं होतं."

आठवडाभर तयारी केली. रविवारी चौसष्ट चौकोन समोर आले, त्यातले चाळीस काळे. पण मी पेटलो होतो! समुद्राकाठचं डन लिअरी घ्या. लिहिताना निम्मी अक्षरं उगाच येतात, पण नाव जुनं, लिअरी राजाच्या किल्ल्याचं. १८२१ साली इंग्लंडचा राजा तिथून बोटीत बसून गेला काय, आणि गावाचं नाव किंग्सटाउन झालं काय! तिकडे कॉर्कजवळच्या कोव्हला राणी आली, झालं क्वीन्सटाउन! माणसं येणार एका दिवसासाठी, आणि नाव ठेवून जाणार शंभर वर्षांसाठी! पण १९२० साली, म्हणजे बरोब्बर शंभर वर्षांपूर्वी, दोन्ही गावांनी आपली जुनी नावं परत घेतली. आपल्या बॉम्बेचंही मग मुंबई झालंच की!

शेवटी मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. त्यामुळे पडद्यावर फक्त माझा सदरा दिसत होता, हे मला नंतर कळलं.

"ज्यांनी नाव लादलं ते गेले!" मी गरजलो. "मग लादलेलं नाव का राहावं? ज्याचं त्याचं मूळ नाव ज्याला त्याला परत मिळालंच पाहिजे!"

चौकोनांतून काही आवाज आला नाही, कारण सगळे म्यूट होते. पण मागून, स्वयंपाकघरातून, जोरात टाळ्या ऐकू आल्या. वळून पाहिलं तर आई! हाताला मोदकाची कणीक, आणि टाळ्या वाजवतेय! माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत तिने माझ्या कुठल्याही गोष्टीला टाळ्या वाजवल्या नव्हत्या. दहावीच्या निकालालासुद्धा नाही.

आईबाबांबद्दल सांगायला हवं. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले, आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले ते अडकलेच. बाबा पुण्याचे निवृत्त पोस्टमास्तर. शिस्तीचे. इथे आल्या आल्या त्यांनी सगळ्या कपाटांवर, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसवर, आत काय आहे त्याच्या चिठ्ठ्या लावल्या. त्यांचा जीव पुण्याच्या फ्लॅटमधे अडकलेला. सहा महिने घर बंद, आणि शेजारी रोज फोन करून सांगणार, "तुमच्या बाथरूमचा नळ गळतोय वाटतं, आवाज येतो." शेवटी भारतात परत नेणाऱ्या एका खास विमानात दोघांना पाच सप्टेंबरची जागा मिळाली होती. बाबांनी बॅगा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच भरल्या होत्या.

तर व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पेपरमागून म्हणाले, "अगं, चहा."

चहा आला नाही.

"अगं, ऐकतेस का?"

आई समोरच बसून शेंगा सोलत होती. शांतपणे म्हणाली, "मला नाव आहे."

बाबांनी पेपर खाली केला. "आहे ना. विजयालक्ष्मी."

"ते नव्हे. उल्का."

"कोण उल्का?"

"मी! लग्नाआधी बावीस वर्षं मी उल्का होते. माझे वडील शाळेत भूगोल शिकवायचे, आकाशाचा नाद होता त्यांना, हौसेने ठेवलं होतं. तुमच्या आई म्हणाल्या, उल्का म्हणजे पडणारी, असलं नाव घरात नको. आणि तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीने विजयालक्ष्मी लिहून मोकळे झालात!"

"ताट लहान होतं," बाबांना ते आठवलं. "लक्ष्मी काठावर गेली होती. भटजी हसले होते."

"काल संजीवने चौसष्ट लोकांसमोर सांगितलं, ज्याचं नाव त्याला परत मिळालं पाहिजे म्हणून. त्या राजाचं गेलं, राणीचं गेलं, तर तुमच्या आईंनी ठेवलेलं का जाऊ नये?"

"आई जाऊन बावीस वर्षं झाली!"

"तेच तर! लादणारे गेले!"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की रजिस्टर पत्र चुकीच्या घरी टाकलेल्या पोस्टमनकडे ते असंच बघत असणार. मी चहा करायला उठलो.

"नाव असं एका दिवसात बदलत नसतं," बाबा मागून ऐकवू लागले. "पूनाचं पुणे झालं तेव्हा मी काउंटरवर होतो. अर्ज असतो, राजपत्र असतं, आणि जुन्या नावाने आलेलं टपाल पुढे कितीतरी वर्षं पोचवावं लागतं!"

"अहो, मी अर्ज कुठे मागतेय? मी म्हणते, हाक मारा. तुम्ही मला त्रेचाळीस वर्षांत विजयालक्ष्मी म्हणूनसुद्धा कधी हाक मारली नाहीत. नुसतं अगं, अगं, अगं! मग नाव बदललं तरी कशासाठी?"

मी आठवून पाहिलं. आई म्हणाली ते खरं होतं. मी जन्मल्यापासून बाबांच्या तोंडून आईचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि एवढा नावांचा अभ्यासक असून ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

"तू तरी घेतेस का माझं नाव?" बाबांनी शेवटचा बाण काढला.

"उखाण्यात घेतलंय! दर हळदीकुंकवाला, चारचौघींत, यमक जुळवून! तुम्ही?"

बाबांनी पेपर वर केला. पेपर उलटा होता.

इथे हे प्रकरण मिटलं असतं. पण आमच्या घरात नऊ वर्षांची ईशा आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र डब्लिनच्या सुरात येतात. "उल्का इज अ डेडली नेम, आजी!" ती म्हणाली. डेडली म्हणजे इथे झकास, हे आईला समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग दोघींनी मिळून आईच्या इथल्या नव्या सिमवर व्हॉट्सॲप सुरू केलं. नाव, उल्का. फोटो, कॉलेजातला, दोन वेण्यांचा, विसाव्या वर्षीचा. आणि ईशाने आजोबांचा फोन घेऊन त्यावरून हा नंबर आमच्या नातेवाइकांच्या 'आपली माणसं' या ग्रुपमधे घालून टाकला.

म्हणजे सातारा, सांगली, पुणे इथल्या अठ्ठावीस नातेवाइकांना काय दिसलं? तर सुभाष यांनी, म्हणजे बाबांनी, कुणा उल्काला कुटुंबात घेतलं!

त्यावर आईने पहिलाच मजकूर टाकला. बाकावर बसून आइस्क्रीम खाणाऱ्या बाबांचा फोटो, आणि खाली, "ह्यांची तब्येत इथे छान सुधारली आहे. रोज फिरायला जातो आम्ही."

दहाव्या मिनिटाला साताऱ्याहून वसंतकाकांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा फोन आला. आवाज दबलेला.

"संजीव, एकटा आहेस का?"

"हो, काय झालं?"

"ही उल्का कोण?"

"काका, ती आपली..."

"विशीतली दिसते रे! आणि 'ह्यांची' म्हणते! दादाचं वय काय, एक्काहत्तर! परदेशात माणूस बिघडतो ऐकलं होतं, पण या वयात? वहिनींना माहीत आहे का?"

"काका, वहिनीच उल्का आहेत!"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग काका खोल आवाजात म्हणाले, "म्हणजे वहिनींनी मान्य केलंय?"

तीन दिवस हेच चाललं होतं. सांगलीच्या आत्याने बाबांसाठी संकल्प सोडला. पुण्याच्या एका मावशीने आईला जुन्या नंबरवर धीराचे सुविचार पाठवले. एका चुलतभावाने मला वेगळं गाठून विचारलं, की तिकडे अशी पद्धत आहे का! सगळ्यांना समजावून सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. बाबांनी खोलीबाहेर येणं सोडलं. आई मात्र रोज नवा फोटो टाकत होती. आणि बाबा चहा मागत नव्हते, कारण मागायचा तर हाक मारावी लागणार! स्वतः करून घ्यायचे. त्यांनी स्वतः केलेला चहा मी एकदा प्यायलो. परत नाही.

शनिवारी, म्हटलं, सगळ्यांना बाहेर काढू. वातावरण निवळेल. कुठे न्यावं? माझी अक्कल बघा! डन लिअरीला! बंदरात दूरवर गेलेल्या दगडी धक्क्यावर लोक फिरायला येतात, टोकाला दीपगृह आहे. ऊन होतं, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी होतं. आई सुमेधाचा पिवळा रेनकोट घालून ताठ चालत होती. बाबा तिच्या मागे दहा पावलं.

सव्वातीनला माझा फोन वाजला. विमानाच्या एजंटकडून निरोप होता. त्याचा सारांश असा: आज सकाळी फोनवर मिळालेल्या माहितीनुसार श्रीमती विजयालक्ष्मी या पत्त्यावर राहत नाहीत. चार वाजता त्यांची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या प्रवाशाला देण्यात येईल.

माझी पाचावर धारण बसली. "आई! सकाळी तुला कुणाचा फोन आला होता?"

"आला होता एका मुलीचा. विजयालक्ष्मी आहेत का म्हणाली. म्हटलं, नाही बाई, इथे त्या नावाचं कुणी नाही."

"अगं, तिकिटावर तेच नाव आहे! पासपोर्टवर तेच आहे!"

"मग पासपोर्टला विचार म्हणावं."

मी एजंटकडे फोन लावला. ती मुलगी म्हणाली, बाईंनी स्वतः बोलून जन्मतारीख सांगितली तरच, आणि चारच्या आत. शनिवार आहे, चारला ऑफिस बंद. सुभाष यांची जागा मात्र पक्की आहे, त्यांनी काळजी करू नये.

"मी एकटा?" बाबांचा चेहरा उतरला. "एकटा जाऊ? त्या घरात?"

"आई, प्लीज," मी हात जोडले. "एक फोन कर. पुढचं विमान कधी मिळेल कुणाला ठाऊक!"

आई थांबली. आता तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "करते की. मला काय घर नको आहे? पासपोर्टवर विजयालक्ष्मी आहे, राहू दे. बँकेत आहे, तिथेही राहू दे. लोकांनी काय हवं ते म्हणावं. पण ह्यांनी मला एकदा, फक्त एकदा, माझ्या नावाने हाक मारावी. माझे वडील गेल्यापासून त्या नावाने मला कुणी बोलावलं नाही रे. तेवढं झालं की करते फोन." आणि ती वळून दीपगृहाकडे चालू लागली. हातात फोन, वाऱ्याने फुगलेला पिवळा रेनकोट.

मी आणि बाबा मागे उभे. तीन वाजून पंचवीस मिनिटं.

"बाबा, मारा हाक!"

"इथे? भर रस्त्यात? लोक आहेत!"

"इथे मराठी कुणाला कळतंय!"

"मला कळतंय ना!"

सुमेधा ईशाला घेऊन मुद्दाम बाजूला गेली. बाबा कठड्याला टेकून उभे राहिले. पाण्याकडे बघत म्हणाले, "पोस्टात दिवसाला चारशे नावं मोठ्याने वाचायचो रे मी. कधी अडखळलो नाही. पण घरात... लग्नानंतर दोनच दिवसांनी एकदा नावाने हाक मारायला गेलो. अर्धंच तोंडातून निघालं, तर माझी आई म्हणाली, आत्ताच डोक्यावर बसव! सगळे हसले. मग अगंच बरं पडलं. पुढे तेच अंगवळणी पडलं. तिला वाईट वाटत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही."

मी, चौसष्ट चौकोनांपुढे गरजणारा माणूस, नुसता घड्याळ दाखवत उभा राहिलो. साडेतीन. पिवळा रेनकोट लहान होत चालला होता.

बाबांनी टोपी नीट केली. घसा खाकरला. तोंड उघडलं, आणि एक सीगल त्यांच्याआधी ओरडला. बाबांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

"उल्का!"

काय आवाज होता! कुत्री थांबली. बाकावरचे दोन म्हातारे वळले. आइस्क्रीमच्या रांगेतली माणसं वळली. वळली नाही ती फक्त आई. चालतच राहिली, जरा हळू, इतकंच.

"वारा आहे," बाबा कासावीस झाले. "उल्का! अगं उल्का!"

नाहीच. शेजारून जाणारी एक आजीबाई, हे गृहस्थ बरे आहेत ना अशा अर्थाने, मला म्हणाली, "इज युअर मॅन ऑल राइट?"

"ही इज ग्रँड," म्हणजे एकदम ठीक, मी म्हणालो, आणि आईच्या मागे पळत सुटलो. पळता पळता माझ्या डोक्यात सगळं उलगडलं. अभ्यासक शेवटी अभ्यासकच! नवान नावाचं गाव आहे इथे. १९२२ साली त्याचं अधिकृत नाव बदलून जुनं आयरिश नाव दिलं. पाट्या बदलल्या, कागद बदलले. पण लोकांच्या तोंडी नवानच! शेवटी पन्नास वर्षांनी कंटाळून नवान परत केलं. तसंच झालं होतं आईचं! नाव परत मिळालं, पण त्याला ओ द्यायची सवयच मोडली होती. बिचारी! बाबांना जमलं, आणि आता हिलाच ऐकू येत नव्हतं!

धापा टाकत तिच्याजवळ पोचलो, तर ती फोनवर बोलत होती. "हो, विजयालक्ष्मीच बोलतेय. अकरा मार्च पंचावन्न. हो, सकाळी जरा चूक झाली. दोघंही येतोय, नक्की." फोन बंद करून तिने पर्समधे टाकला.

"आई!" मी गुडघ्यांवर हात टेकून म्हणालो. "बाबा हाक मारतायत तुला! केव्हापासून! तुला कळलं नाही, साहजिक आहे, इतक्या वर्षांची सवय. हे बघ, नवान नावाचं एक गाव..."

"गप रे! ऐकू दे!"

"म्हणजे? ऐकू आलं तुला?"

"पहिलीच ऐकली. म्हणून तर फोन केला."

"मग वळून का बघत नाहीस?"

तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "वळले तर थांबतील ना ते!"

मी नवान तिथल्या तिथे गिळलं आणि तिच्या शेजारी, समुद्राकडे तोंड करून, मुकाट्याने उभा राहिलो. मागून चौथी हाक आली.